लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर फुटतं: फाइलच्या नावातला कॅपिटल-स्मॉलचा घोळ कसा शोधायचा आणि कसा निस्तरायचा

तुमच्या विंडोजच्या लॅपटॉपवर किंवा मॅकबुकवर प्रोजेक्ट व्यवस्थित चालतोय. तुम्ही गिटहबवर पुश करता (कोड वर चढवता), सर्व्हरवर बिल्ड, म्हणजे कोडची जुळणी, सुरू होते आणि थोड्याच वेळात लाल अक्षरांत ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ अशी एरर येते. एररमध्ये ज्या फाइलचं नाव आहे ती तर तुमच्या डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये आहे. नवखा माणूस मग पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करतो, कॅश साफ करतो, नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) व्हर्जन बदलून बघतो, आणि एरर जागची हलत नाही. अशा वेळी बाकी काही करण्याआधी एररमधलं नाव आणि फोल्डरमधलं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकीकडे कॅपिटल एच आणि दुसरीकडे स्मॉल एच, एवढाच फरक निघण्याची शक्यता भरपूर असते.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतं, म्हणून या लेखात प्रत्येक वेळी ‘कॅपिटल एच’, ‘स्मॉल एच’ असं अक्षराचं नाव घेऊन सांगेन. कमांडही देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

असं का होतं

संगणकाच्या लेखी कॅपिटल ए आणि स्मॉल ए ही दोन निराळी अक्षरं आहेत. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, कॅपिटल ए चा क्रमांक ६५ आणि स्मॉल ए चा ९७. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत), म्हणजे ईएक्सटी४, फाइलचं नाव केवळ बाइट्सची ओळ म्हणून बघते. बाइट वेगळा म्हणजे फाइल वेगळी. एकाच फोल्डरमध्ये कॅपिटल एचची ‘हेडर’ आणि स्मॉल एचची ‘हेडर’ अशा दोन फाइली तिथे सुखाने नांदतात.

विंडोज आणि मॅक मात्र तुम्ही नाव जसं दिलं तसं जपून ठेवतात, पण शोधताना हा फरक धरत नाहीत. सगळा गोंधळ इथेच सुरू होतो. स्क्रीनवर कॅपिटल एच तसाच कॅपिटल दिसतो, त्यामुळे संगणकाला हा भेद कळतोय असं आपण समजून चालतो. प्रत्यक्षात कोडने स्मॉल एच मागितला तरी तो कॅपिटलवाली फाइल निमूटपणे हातात देतो. चूक कोडमध्ये असतेच, फक्त तुमची मशीन ती पोटात घालते. बहुतेक होस्टिंग सेवा आणि गिटहब ॲक्शन्स या आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सेवेची उबंटूवाली मशीन लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स ती चूक पोटात घालत नाही. म्हणून सर्व्हर खोडी काढतोय असं समजू नका. इथे सर्व्हरच बरोबर असतो.

नाव तीन जागी असतं

हा प्रश्न सोडवण्याची किल्ली माझ्या मते एकच आहे. फाइलचं नाव एका जागी नसून तीन जागी असतं: तुमच्या डिस्कवर, गिटच्या (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या टूलच्या) नोंदीत आणि तुमच्या कोडमध्ये. तिन्ही जागी काय लिहिलंय हे बघितल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. अर्धवट माहितीवर केलेली दुरुस्ती हा घोळ दुप्पट करते.

डिस्कवरचं नाव बघायला टर्मिनल उघडा. मॅकवर ‘एलएस’, विंडोजवर ‘डीआयआर’. विंडोजच्या एक्स्प्लोररवर विसंबू नका, कारण तो फाइलचं एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतो, आणि घोळ एक्स्टेन्शनमध्येही असू शकतो.

गिटच्या नोंदीतलं नाव बघायला ‘गिट एलएस-फाइल्स’ ही कमांड द्या. गिट ज्या फाइली सांभाळतं त्यांची यादी येते. रिपॉझिटरीच्या वेब पानावर दिसतं ते नावही शेवटच्या पुशमधलं, म्हणजे गिटचंच असतं.

कोडमधलं नाव शोधायला व्हीएस कोडच्या सर्चमध्ये ‘मॅच केस’चं बटण दाबून मग शोधा. ते बटण दाबलं नाही तर कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही एकाच यादीत येतात आणि ज्यासाठी शोधत होता तेच दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रकार जवळून बघू. समजा रिॲक्टच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही पहिल्या दिवशी स्मॉल एचने ‘हेडर’ फाइल बनवली, कमिट केली, पुश केली. काही दिवसांनी कुणी सांगितलं की कॉम्पोनंटच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायची पद्धत आहे. तुम्ही एक्स्प्लोररमध्ये नाव बदलून कॅपिटल एच केलं, इम्पोर्टच्या ओळीतही कॅपिटल एच केलं, आणि ‘गिट स्टेटस’ दिलं. इम्पोर्टवाली फाइल बदललेली दिसते, पण ‘हेडर’चं नाव बदलल्याचा उल्लेखच नाही. तुम्ही कमिट करता आणि त्या कमिटमध्ये फक्त कोडमधला बदल जातो. तुमच्या डिस्कवर कॅपिटल, कोडमध्ये कॅपिटल, आणि गिटच्या नोंदीत अजून स्मॉल. शाळेत मुलाचं नाव बदललं पण हजेरीपटावर जुनंच राहिलं, तसं हे झालं. सर्व्हर तुमची डिस्क कधी बघतच नाही, तो हा हजेरीपट वाचूनच फाइली मांडतो. त्याच्याकडे फाइल स्मॉल एचची आणि कोडची मागणी कॅपिटल एचची.

गिट गप्प का बसतं? ‘गिट इनिट’ किंवा ‘गिट क्लोन’ करताना गिट तुमची फाइल सिस्टिम तपासतं आणि ती कॅपिटल-स्मॉलचा फरक करत नसेल तर ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ ही सेटिंग आपोआप ‘ट्रू’ करतं. त्यानंतर नुसता केस, म्हणजे अक्षराचं कॅपिटल-स्मॉलपण, बदलला तर तो बदल म्हणून धरलाच जात नाही. गिट जन्माला आलं २००५ साली, लिनक्स कर्नलच्या कामासाठी, लिनक्सवरच. बाकीच्या फाइल सिस्टिमशी जुळवून घेताना त्याला अशी सोय करावी लागली.

दुरुस्ती, पायरी पायरीने

आधी हातातलं बाकीचं काम कमिट करा किंवा ‘स्टॅश’मध्ये बाजूला ठेवा. ‘गिट स्टेटस’ स्वच्छ दिसलं पाहिजे. ही पायरी गाळू नका. नाव बदलण्याच्या भानगडीत अर्धवट काम अडकलं तर नंतर काय कुठे गेलं ते कळत नाही.

एकच फाइल असेल तर काम सोपं आहे. एक्स्प्लोरर किंवा फाइंडरमध्ये नाव न बदलता टर्मिनलमध्ये ‘गिट एमव्ही’ लिहा, पुढे जुनं नाव, त्यापुढे नवं नाव. ही कमांड डिस्कवरचं नाव आणि गिटची नोंद दोन्ही एकदम बदलते. २०१४ मधल्या गिट २.०.१ पासून हे सरळ होतं. त्याआधी नुसता केस बदलायचा म्हटलं की ‘डेस्टिनेशन एक्झिस्ट्स’ म्हणून ती अडायची. आता ‘गिट स्टेटस’ दिलं की ‘रिनेम्ड’ असं दिसेल. ते दिसलं तरच कमिट करा.

फोल्डरचं नाव बदलायचं असेल तर विंडोज आणि मॅकवर ही युक्ती थेट चालत नाही. स्मॉल सी चं ‘कॉम्पोनंट्स’ कॅपिटल सी करायला गेलात तर गिटला वाटतं की नव्या नावाचं फोल्डर आधीच आहे, म्हणून ते फोल्डर त्याच्याच पोटात सरकवायला बघतं आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून थांबतं. इथे दोन उड्या माराव्या लागतात. आधी ‘गिट एमव्ही’ने फोल्डरला भलतंच नाव द्या, समजा ‘टेम्प’. मग पुन्हा ‘गिट एमव्ही’ने ‘टेम्प’चं हवं ते नाव करा. दोन्ही झाल्यावर एकच कमिट पुरते.

बऱ्याच फाइलींची नावं आधीच एक्स्प्लोररमध्ये बदलून बसला असाल तर गिटची नोंद पुसून डिस्कवरून नव्याने भरता येते: ‘गिट आरएम डॅश आर डॅश डॅश कॅश्ड डॉट’, आणि त्यामागून ‘गिट ॲड डॉट’. ‘कॅश्ड’ हा शब्द राहिला तर गिट नोंदीबरोबर डिस्कवरच्या फाइलीही पुसायला लागेल, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. दुसरी काळजी गिटइग्नोअरची, म्हणजे गिटने ज्या फाइली सांभाळायच्या नाहीत त्यांच्या यादीची. त्यात ज्या नावांना बंदी आहे पण पूर्वी मुद्दाम जोर लावून ॲड केल्या होत्या, अशा फाइली या फेऱ्यात नोंदीतून गळतात. कमिट करण्याआधी ‘गिट स्टेटस’ची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. ‘रिनेम्ड’शिवाय काहीही दिसलं तर थांबा.

इंटरनेटवर एक सल्ला सर्रास दिसतो: ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ला ‘फॉल्स’ करा, म्हणजे गिटला फरक कळेल. हे करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. विंडोज-मॅकवर तसं करून नाव बदललं आणि ‘गिट ॲड’ केलं की गिटच्या नोंदीत जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली राहू शकतात. तुमच्या डिस्कवर मात्र एकच असते. मग एकीत केलेला बदल दुसरीत नसतो, आणि सर्व्हर जुन्या फाइलवर चालत राहतो. एरर येत नाही, फक्त तुमचा बदल कुठे दिसत नाही. एररपेक्षा हे वाईट. गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रातही ही सेटिंग हाताने बदलली तर अनपेक्षित गोष्टी घडू शकतात असं बजावलेलं आहे.

टीममध्ये असाल तर पुश केल्यावर सगळ्यांना सांगा. सहकाऱ्यांनी पुल केलं की फाइलचं नाव साधारणपणे नीट बदलतं, पण फोल्डरचं जुनंच राहू शकतं. त्या फोल्डरमध्ये गिटबाहेरची एखादी फाइल पडून असेल तर गिट फोल्डर हटवत नाही आणि नव्या फाइली जुन्या नावाच्या फोल्डरमध्येच येऊन बसतात. उपाय असा: कामाच्या फाइली कमिट झाल्या आहेत याची खात्री करा, गिटबाहेरचं जे हवं ते बाजूला काढा, फोल्डर हाताने डिलीट करा आणि गिटकडून ते परत मागवा. आणि केस बदलण्याची कमिट नेहमी वेगळी ठेवा, त्यात कोडचे दुसरे बदल मिसळू नका. जुन्या ब्रँचशी मर्ज करताना त्या वेगळेपणाचा फायदा कळतो.

कुठली भाषा काय करते

जावास्क्रिप्टमध्ये हा त्रास सर्वांत जास्त, कारण तिथे इम्पोर्ट म्हणजे फाइलचा पत्ताच असतो. त्यात आणखी एक खोच आहे. विंडोज-मॅकवर एका ठिकाणी कॅपिटल एचने आणि दुसऱ्या ठिकाणी स्मॉल एचने तीच फाइल मागितली तर नोड ती दोनदा लोड करतो आणि दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट देतो. नोडच्या माहितीपत्रात हे लिहिलेलं आहे. म्हणजे एका फाइलमध्ये व्हेरिएबलमध्ये काही साठवलं तर दुसऱ्या वाटेने आलेल्याला ते रिकामं दिसतं. एरर नाही, इशारा नाही. ‘व्हॅल्यू सेट केली तरी अनडिफाइन्ड का येते’ याचं उत्तर कधी कधी इथे सापडतं. वेबपॅक हे फाइली एकत्र बांधणारं टूल अशा वेळी ‘फक्त केसमध्ये फरक असलेली अनेक मॉड्यूल्स’ अशा अर्थाची वॉर्निंग देतं. पिवळी आहे म्हणून ती सोडून देऊ नका.

टाइपस्क्रिप्टमध्ये ‘फोर्स कन्सिस्टंट केसिंग इन फाइल नेम्स’ असं लांबलचक नाव असलेली सेटिंग आहे. २०२३ मधल्या ५.० व्हर्जनपासून ती मुळातच चालू असते. जुन्या प्रोजेक्टवर काम करत असाल तर टीएसकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये ती आहे का बघा, नसेल तर आजच टाका.

पायथॉनने ही काळजी फार पूर्वी घेतली. २००१ मधल्या २.१ व्हर्जनपासून इम्पोर्ट करताना पायथॉन विंडोजवरही कॅपिटल-स्मॉल तपासतो, त्यामुळे मॉड्यूलच्या नावातली चूक घरीच पकडली जाते. पण ही राखण फक्त इम्पोर्टपुरती आहे. ‘ओपन’मध्ये किंवा पांडाजच्या ‘रीड सीएसव्ही’मध्ये दिलेला पत्ता म्हणजे साधी स्ट्रिंग. तिथे ‘डेटा’तला डी चुकला तर तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालेल आणि सर्व्हरवर ‘फाइल नॉट फाउंड’ येईल. डेटा सायन्स शिकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

जावाचा कम्पायलर पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव जुळलंच पाहिजे असा हट्ट धरतो, त्यामुळे कोडच्या फाइली सहसा वाचतात. अडतं ते प्रॉपर्टीज फाइल, आयकॉन, टेम्प्लेट अशा रिसोर्सपाशी. आयडीईमधून (कोड लिहिण्याच्या ॲपमधून) चालवताना ते फोल्डरमधून वाचले जातात, म्हणून विंडोजवर चुकीचा केसही खपतो. जार, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं, बनवली की जारच्या आतली नावं केस धरून शोधली जातात, त्यामुळे त्याच विंडोज मशीनवर, सर्व्हर मध्ये न येताही प्रोग्राम फुटतो. जावा शिकताय तर चाचणी एकदा तरी जारमधून करा.

पीएचपीत क्लासचं नाव कुठल्याही केसमध्ये लिहिलं तरी भाषेला चालतं, पण तो क्लास शोधणारा कम्पोझर या पॅकेज मॅनेजरचा ऑटोलोडर पीएसआर-४ या ठरलेल्या नियमाने क्लासच्या नावावरून फाइलचा पत्ता बनवतो, आणि लिनक्सवर तो पत्ता तंतोतंत लागतो. ‘क्लास नॉट फाउंड’ आलं की आधी फाइलचं नाव बघा. कम्पोझरला ऑप्टिमाइझ्ड ऑटोलोड बनवायला सांगितलं तर नियमाबाहेरच्या फाइली तो नाव घेऊन सांगतो.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये नेहमीचं उदाहरण विंडोजच्या मुख्य हेडर फाइलचं, ‘विंडोज डॉट एच’चं. विंडोजवर कॅपिटल डब्ल्यू लिहिलेला चालतो. तोच कोड लिनक्सवर मिनजीडब्ल्यू या कम्पायलरने विंडोजसाठी कम्पाइल करायला गेलात तर तिथली फाइल सगळी स्मॉल अक्षरांत असल्यामुळे अडतो. क्लँग हा कम्पायलर वापरत असाल तर ‘नॉनपोर्टेबल इन्क्लूड पाथ’ अशी वॉर्निंग मिळते, ती ऐका. जीसीसी या कम्पायलरमध्ये तर एक्स्टेन्शनच्या केसवरही अर्थ बदलतो: स्मॉल सी म्हणजे सी भाषा, कॅपिटल सी म्हणजे सी प्लस प्लस. असेम्ब्लीतही कॅपिटल एसची फाइल आधी प्रीप्रोसेसरमधून जाते, स्मॉल एसची जात नाही. बिल्डच्या फाइलीही बघून घ्या. मेक हे टूल स्मॉल एम आणि कॅपिटल एम या दोन्ही ‘मेकफाइल’ ओळखतं, पण सीमेकला ‘सीमेकलिस्ट्स’मधले सी, एम आणि एल कॅपिटलच लागतात.

गोमध्ये २०१७ साली या कारणाने बरीच धावपळ झाली. लॉगरस या लॉगिंगच्या लोकप्रिय पॅकेजच्या गिटहब पत्त्यातलं युझरनेम कॅपिटल एसचं होतं ते स्मॉल एस झालं. काही पॅकेजेस जुना पत्ता वापरत राहिली, काहींनी नवा घेतला, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही आले तिथे बिल्ड ‘केस-इन्सेन्सिटिव्ह इम्पोर्ट कोलिजन’ म्हणून थांबली. आज गो आपल्या मॉड्यूल कॅशमध्ये प्रत्येक कॅपिटल अक्षराच्या जागी उद्गारचिन्ह आणि स्मॉल अक्षर लिहितं, म्हणजे कुठल्याही फाइल सिस्टिमवर दोन नावं एकमेकांवर आदळत नाहीत.

फोटो दिसत नाही, तेव्हा

वेबसाइट बनवणाऱ्या नवख्यांना पहिला फटका बहुधा इथे बसतो. अनेक कॅमेरे फोटोचं नाव आणि एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये देतात, ‘जेपीजी’ची तिन्ही अक्षरं मोठी. विंडोज ते एक्स्टेन्शन लपवतं. तुम्ही एचटीएमएलमध्ये सवयीने स्मॉल ‘जेपीजी’ लिहिता, घरी फोटो दिसतो, साइट लाइव्ह केली की त्या जागी मोडक्या चित्राची खूण. डोमेनच्या नावात कॅपिटल-स्मॉल चालून जातं, त्यापुढच्या पत्त्यात लिनक्स सर्व्हरवर चालत नाही. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा आणि ती टिक कायम ठेवा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’मध्ये ४०४ (फाइल सापडली नाही) आलेली ओळ बघितली की कुठलं नाव मागितलं गेलं ते लगेच कळतं.

दोन नावं मुद्दाम ठेवलेली असतात तेव्हा

काही प्रोजेक्टमध्ये फक्त केसमध्ये वेगळ्या असलेल्या दोन फाइली जाणूनबुजून असतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द लिनक्स कर्नलचं. त्याच्या नेटफिल्टर या, नेटवर्कवरची पॅकेट गाळणाऱ्या भागाच्या फोल्डरमध्ये ‘एक्सटी टीसीपीएमएसएस’ नावाची फाइल एकदा कॅपिटलमध्ये आणि एकदा स्मॉलमध्ये आहे. स्मॉलवाली पॅकेट नियमात बसतं का ते तपासते, कॅपिटलवाली पॅकेटवर प्रत्यक्ष कृती करते. डीएससीपीचीही अशीच जोडी आहे.

हा कोड साध्या मॅक किंवा विंडोज फोल्डरमध्ये क्लोन केला तर जोडीतली एकच फाइल उरते. २०१८ च्या शेवटी आलेल्या गिट २.२० पासून क्लोन करतानाच ‘पुढील पाथ एकमेकांवर आदळले’ अशी वॉर्निंग आणि नावांची यादी येते. त्यानंतर तुम्ही हातही न लावलेल्या फाइली ‘गिट स्टेटस’मध्ये बदललेल्या दिसतात. अशा वेळी चुकूनही ‘गिट ॲड डॉट’ करू नका, एका फाइलचा मजकूर दुसरीच्या नावावर कमिट होऊन बसेल. इथे नाव बदलून भागत नाही, केस ओळखणारी जागाच लागते.

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा, तुमच्या कंटेनरमध्ये अधिकच्या खुणेने नवा व्हॉल्यूम घाला आणि फॉरमॅटमध्ये एपीएफएसचा केस-सेन्सिटिव्ह प्रकार निवडा. जागा आधी ठरवून द्यावी लागत नाही, कंटेनरमधली मोकळी जागा सगळे व्हॉल्यूम वाटून घेतात. अख्खी मॅकची सिस्टिम मात्र या प्रकारात टाकू नका, काही मोठी ॲप्स अशा डिस्कवर इन्स्टॉलच होत नाहीत.

विंडोजवर सर्वांत बरा मार्ग डब्ल्यूएसएल २ चा, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीचा. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा. डब्ल्यूएसएलमधून सी ड्राइव्हवर जाऊन क्लोन केलात तर ती जागा विंडोजचीच राहते आणि फायदा शून्य. डब्ल्यूएसएलमध्ये काम करायचं नसेल तर विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ व्हर्जनपासून एकेका फोल्डरला केस ओळखायला लावता येतं. ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘एफएसयुटिल फाइल सेट-केस-सेन्सिटिव्ह-इन्फो’ (मधल्या डॅश न देता, सगळं सलग), पुढे फोल्डरचा पत्ता आणि ‘एनेबल’. हे नव्या, रिकाम्या फोल्डरवर करा, मग आत बनणारी फोल्डरंही तशीच बनतात.

डॉकर, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवणारं टूल, याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मी डॉकरमध्ये चालवून बघितलं, ते लिनक्सच आहे’ असं म्हणून पुष्कळ जण निर्धास्त होतात. मॅकवरचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं असेल तर फाइली अजून मॅकच्याच डिस्कवर असतात आणि केसकडे तसंच दुर्लक्ष होतं. फाइली इमेजमध्ये ‘कॉपी’ करून बिल्ड केली तरच खरी चाचणी होते.

चूक सर्व्हरपर्यंत जाऊच द्यायची नसेल तर

गिटहब ॲक्शन्समध्ये उबंटूवर प्रत्येक पुल रिक्वेस्टला बिल्ड चालवा. एवढ्या एका गोष्टीने वर सांगितलेलं बरंचसं आपोआप पकडलं जातं. ज्या टीममध्ये सगळ्यांकडे मॅकबुक आहेत तिथे तर हे हवंच.

फक्त केसमध्ये वेगळ्या फाइली शोधायला ‘गिट एलएस-फाइल्स’चं आउटपुट पाइपने ‘टीआर’कडे देऊन सगळं स्मॉल करा, मग ‘सॉर्ट’, मग ‘युनिक डॅश डी’ (या ‘युनिक’चं स्पेलिंग क्यू वर संपतं). काही छापलं गेलं तर तिथे जोडी आहे. हेच काम करणारा ‘चेक-केस-कॉन्फ्लिक्ट’ नावाचा तयार हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) प्री-कमिट या टूलमध्ये मिळतो. चुकीचे इम्पोर्ट मात्र याने सापडत नाहीत, ते काम लिनक्सवरच्या बिल्डचं.

गिट अपडेट ठेवा. डिसेंबर २०१४ मध्ये याच कॅपिटल-स्मॉलच्या फटीतून सुरक्षेची मोठी चूक उघडकीला आली होती. रिपॉझिटरीत कॅपिटल जी घालून ‘डॉट गिट’ असं फोल्डर ठेवलं की विंडोज-मॅकवर ते खऱ्या ‘डॉट गिट’वर लिहिलं जायचं, आणि त्यातून हल्लेखोराला तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवता आली असती. २.२.१ मध्ये ती बुजवली गेली.

नाव देण्याचा नियम माझ्या मते एकच पुरे: सगळी अक्षरं स्मॉल, शब्दांमध्ये डॅश. एनपीएम हे जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं भांडार तर नव्या पॅकेजच्या नावात कॅपिटल घेतच नाही. रिॲक्टवाल्यांना पहिलं अक्षर कॅपिटल आवडतं, तेही चालेल, पण मग प्रत्येक कॉम्पोनंटला तेच. जावा आणि पीएचपीच्या क्लास फाइली, रीडमी, डॉकरफाइल ही ठरलेली नावं तशीच ठेवा. नियम रीडमीमध्ये दोन ओळींत लिहा, म्हणजे नवीन येणाऱ्याला विचारावं लागणार नाही.

मराठी नावांच्या फाइली

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसलं तरी याच जातीचा एक घोळ आपल्या वाट्यालाही येतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याची’ यांतला अर्धा ऱ घ्या. युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन अक्षरं जोडून. दिसायला दोन्ही सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. २०१७ पासूनची एपीएफएस दिलेलं रूप तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही एक धरते. लिनक्सवर बाइट वेगळे, म्हणून फाइली वेगळ्या. ‘दुसऱ्या फेरीची यादी’ नावाची पीडीएफ जुन्या मॅकवरून सर्व्हरवर चढवली आणि पानावर लिंक कीबोर्डने टाइप केली, तर लिंक ४०४ देऊ शकते, आणि दोन्ही नावं शेजारी ठेवून बघितली तरी फरक दिसत नाही.

कोडमधून ज्यांना हाक मारायची त्या फाइलींची नावं साध्या रोमन स्मॉल अक्षरांत ठेवा आणि मराठी शीर्षक पानावर किंवा डेटाबेसमध्ये असू द्या. डाउनलोड होणाऱ्या फाइलला मराठी नाव द्यायचंच असेल तर साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, नाव एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या रूपात, आणा. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवर ‘नॉर्मलाइझ’ आहे, पायथॉनमध्ये ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’. शंका आली तर पायथॉनमध्ये त्या एका ऱ ची ‘लेन’ (लांबी) छापून बघा. १ आलं तर तो अखंड आहे, २ आलं तर सुटा.